अधिकाऱ्यांच्या अधीन, पण कोठवर?

शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र १३:१-७, प्रेषितांची कृत्ये ५:२७-३२, लूक १०:२५-३७

काही दिवसांपूर्वी आमच्या तरुणांच्या वर्गात रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय चालू होता. अधिकार देवाने नेमलेला आहे, कर द्यावा, मान द्यावा, हे मी नेहमीप्रमाणे समजावून सांगत होतो. इतक्यात कॉलेजात इतिहास शिकणारा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, हिटलरच्या जर्मनीत ख्रिस्ती लोक होतेच ना? त्यांनी हा अध्याय वाचला नव्हता का?" मी म्हणालो, "वाचला होता, पण तो माणूस किती वाईट आहे हे त्यांच्या वेळीच ध्यानात आले नसेल." वर्ग संपला. परंतु घरी परतताना माझे मलाच वाटू लागले की, मी त्या मुलाची समजूत घातली. उत्तर काही दिले नाही. म्हणून तो इतिहास पुन्हा काढून बसलो. त्यातून जे हाती आले ते शब्बाथशाळेच्या शिक्षकांपुढे आणि मंडळीच्या सभासदांपुढे ठेवीत आहे.

१. तो देश कोणता होता?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ही गोष्ट सुवार्ता न ऐकलेल्या देशाची नाही. ती मार्टिन ल्यूथरच्या देशाची आहे. १९३३ साली जर्मनीची लोकसंख्या सुमारे साडेसहा कोटी होती आणि तीत जवळजवळ दोन तृतीयांश लोक प्रॉटेस्टंट होते. यहूदी धर्माचे लोक सुमारे पाच लाख, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी होते.

१९१८ साली हा देश महायुद्धात हरला. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने त्याच्यावर जबर दंड बसविला. १९२३ साली चलन इतके घसरले की जन्मभराची शिल्लक एका पावाच्या किमतीची राहिली नाही. १९३२ च्या सुमारास साठ लाख माणसे बेकार होती. शिवाय एक गोष्ट मंडळीच्या बाबतीत घडली होती. १९१८ पर्यंत तेथील राजेच आपापल्या प्रांतातील प्रॉटेस्टंट मंडळीचे प्रमुख असत. राजे गेले, लोकशाही आली, आणि पुष्कळ पाळकांना आपल्या डोक्यावरचे छत्र गेल्यासारखे वाटले. नवे सरकार त्यांना कधी आपलेसे वाटलेच नाही.

अशा वेळी एक पुढारी उभा राहिला आणि त्याने भाकर, शिस्त व राष्ट्राचा मान परत आणण्याचे वचन दिले. त्याच्या पक्षाने १९२० सालच्या कार्यक्रमातच आपण ख्रिस्ती धर्माच्या बाजूचे आहोत असे लिहून ठेवले होते. मात्र धर्माला स्वातंत्र्य देताना, तो जर्मन वंशाच्या नीतिभावनेला बाधक नसावा, अशी अट घातली होती. वचन सर्वांनी ऐकले. अट थोड्यांनी वाचली. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख झाला. २१ मार्चला पॉट्सडॅम येथील चर्चमध्ये मोठा राष्ट्रीय समारंभ झाला आणि वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्यापुढे त्याने नम्रपणे मान लवविली. अनेक ख्रिस्ती कुटुंबांना ती प्रार्थनेचे उत्तर मिळाल्याची घडी वाटली. आणखी तीनच दिवसांनी संसदेला न विचारता कायदे करण्याची सत्ता त्याच्या हाती आली.

२. शिकवण चुकीची होती काय?

ल्यूथरने शिकविले होते की देव जगावर दोन प्रकारे राज्य करितो. एक वचनाने, मंडळीद्वारे. दुसरे कायद्याने, सरकारद्वारे. मंडळीने तलवार हाती घेऊ नये आणि सरकारने अंतःकरणावर हुकमत चालवू नये. ही शिकवण मूळची वाईट नाही. १५२३ साली ऐहिक सत्तेविषयी लिहिताना ल्यूथरने हेही सांगितले की, राजा उघड अन्याय करीत असेल तर त्यात प्रजेने त्याच्या मागे जाऊ नये. १५३० च्या ऑग्सबुर्ग विश्वासांगीकाराच्या सोळाव्या कलमातही सरकारचा मान राखण्यास सांगून शेवटी मर्यादा घातली आहे की, आज्ञापालनाने पाप घडत असेल तर देवाचे ऐकावे. तेथे प्रेषितांच्या कृत्यांतील पेत्राच्या उत्तराचाच आधार आहे.

म्हणजे लगाम होता. परंतु कालांतराने लोकांच्या स्मरणात अर्धीच शिकवण राहिली. सरकारचे काम सरकारने पाहावे, आपण तारणाचे पाहावे, एवढेच उरले.

त्या रिकाम्या जागेत एक नवे तत्त्वज्ञान शिरले. पॉल आल्टहाउस आणि वेर्नर एलर्ट हे एर्लांगेन विद्यापीठातील विद्वान ईश्वरविज्ञानी. ते म्हणत की देव केवळ शास्त्रातून बोलत नाही. त्याने निर्माण केलेल्या व्यवस्थांतूनही, म्हणजे कुटुंब, राष्ट्र आणि रक्ताचे नाते यांतूनही, त्याची आज्ञा आपल्याला बांधते. ऐकताना हे किती भक्तीचे वाटते! परंतु याचा अर्थ असा झाला की, मनुष्य ज्या वंशात जन्मला तो वंशच त्याला देवाची इच्छा सांगतो. जून १९३४ मध्ये या दोघांच्या सह्यांनिशी आन्सबाख येथून एक पत्रक निघाले. त्यात हिटलरसारखा पुढारी दिल्याबद्दल देवाचे आभार मानले होते. हे अडाणी लोक नव्हते. मूळ ग्रीक वाचणारे, पाळकांना शिकविणारे लोक होते.

३. मंडळीच्या दारावर पाटी

एप्रिल १९३३ मध्ये सरकारने कायदा केला की, 'आर्य' नसलेल्या माणसाला सरकारी नोकरीतून काढावे. आजा-आजींपैकी एक जरी यहूदी असला तरी तो मनुष्य अनार्य ठरे. हा 'आर्य' शब्द आपल्या ओळखीचा आहे. तो संस्कृतातला. युरोपातील पंडितांनी तो एका भाषाकुळाचे नाव म्हणून उचलला आणि एकोणिसाव्या शतकातील काही लेखकांनी भाषेचे नाव रक्ताला लाविले. त्या एका चुकीतून केवढा अनर्थ झाला!

मंडळीत 'जर्मन ख्रिस्ती' नावाची चळवळ सुरू झाली होती. हाच कायदा मंडळीलाही लावावा, अशी तिची मागणी होती. जुलै १९३३ च्या मंडळी-निवडणुकीत हिटलरने स्वतः रेडिओवरून या चळवळीला पाठिंबा दिला आणि तिने सुमारे दोन तृतीयांश जागा जिंकल्या. सप्टेंबरात प्रशियाच्या सिनडने तो नियम मान्य केला. त्याच महिन्यात लुटविग म्यूलर हा राष्ट्रीय बिशप झाला. १३ नोव्हेंबरला बर्लिनच्या क्रीडागृहात सुमारे वीस हजारांच्या सभेत राइनहोल्ड क्राउझे या पुढाऱ्याने जुना करार टाकून द्यावा, असे जाहीर सांगितले. टाळ्या पडल्या.

या नियमाचा अर्थ आपल्या मुलांना सोप्या शब्दांत सांगावा. एक पाळक आहे. त्याचा बाप्तिस्मा झाला आहे, त्याला दीक्षा मिळाली आहे, त्याने कित्येकांना प्रभुभोजन दिले आहे. त्याची आजी यहूदी होती एवढ्यावरून मंडळीनेच त्याला सांगावयाचे की, तू आता आमचा पाळक नाहीस. ज्या मंडळीचा प्रभू स्वतः यहूदी मातेच्या पोटी जन्मला, तिच्या दारावर ही पाटी लागली.

४. बार्मेनचा जाहीरनामा

आता सर्वच झोपले नव्हते. मार्टिन नीमोलर हे बर्लिनच्या डाहलेम भागाचे पाळक. पहिल्या महायुद्धात ते पाणबुडीचे अधिकारी होते आणि मार्च १९३३ मध्ये त्यांनी स्वतः हिटलरच्याच पक्षाला मत दिले होते. तरी मंडळीतील या नियमाने त्यांचे डोळे उघडले. त्यांनी पाळकांचा आपत्कालीन संघ स्थापिला आणि काही महिन्यांतच सहा हजारांवर पाळक त्यात आले.

२९ ते ३१ मे १९३४ या दिवसांत बार्मेन गावच्या चर्चमध्ये १३९ प्रतिनिधी जमले. लूथरन होते, रिफॉर्म्ड होते, दोन्ही पंथांची संयुक्त मंडळीही होती. त्यांनी एकमताने सहा कलमांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचा मसुदा मुख्यतः कार्ल बार्थ या स्विस ईश्वरविज्ञानी पंडिताचा. येथूनच 'अंगीकारी मंडळी', म्हणजे आपल्या विश्वासाचा उघड अंगीकार करणारी मंडळी, उभी राहिली.

पहिल्या कलमाचा आशय असा की, शास्त्रात ज्याची साक्ष आहे तो ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द होय. त्याच्या जोडीला दुसरी कोणतीही घटना, सत्ता, व्यक्ती किंवा सत्य देवाचे प्रकटीकरण म्हणून मंडळीने मानू नये. पाचव्या कलमात सरकारविषयी सांगितले आहे. न्याय आणि शांती राखण्याचे काम देवाने सरकारला नेमून दिले आहे, त्याबद्दल मंडळी उपकार मानते. परंतु मनुष्याच्या सगळ्या जीवनाची एकमेव व्यवस्था होण्याचा हक्क सरकारला नाही, आणि सरकारचे एक खाते होण्याचा हक्क मंडळीलाही नाही.

पाहा, येथे रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय नाकारलेला नाही. तो पुरा वाचला आहे. अधिकारी देवाचा सेवक आहे, असे पौल म्हणतो. जो सेवक आहे त्याला धनी आहे; आणि ज्याला धनी आहे त्याला काम नेमून दिलेले आहे. तेच काम तो उलटे करू लागला तर सेवकपणाचा मान कशाच्या आधारे मागणार? शिवाय त्याच अध्यायात, कराचा विषय संपताच, पौल शेजाऱ्यावरील प्रीतीकडे वळतो. आपण मात्र सातव्या वचनाशी पुस्तक मिटतो.

५. जे लिहिले गेले नाही

येथे थांबलो असतो तर हा धडा गोड झाला असता. पण बार्मेनच्या त्या सहा कलमांत यहूदी लोकांविषयी एक अक्षर नाही. मंडळीने आपले व्यासपीठ राखले, आपला विश्वास राखला, आपल्या पाळकांना राखले. रस्त्यावर ज्याचे दुकान फोडले जात होते, ज्याची मुले शाळेतून घालविली जात होती, तो शेजारी मंडळीचा सभासद नव्हता; म्हणून तो या कागदात आला नाही. स्वतः बार्थ यांनी १९६७ साली एका पत्रात कबूल केले की, या प्रश्नाला आपण तेव्हा निर्णायक स्थान दिले नाही हा आपला दोष होय.

हे तेव्हा कोणालाच सुचले नव्हते असेही नाही. डीट्रिख बोनहोफर या सत्तावीस वर्षांच्या तरुणाने १९३३ सालीच लिहिले होते की, मंडळीपुढे तीन कामे आहेत. सरकारला विचारणे की, तुझे हे करणे सरकारला शोभते काय. सरकारच्या चाकाखाली सापडलेल्यांना, ते मंडळीचे नसले तरी, मदत करणे. आणि वेळ आलीच तर ते चाकच थांबविणे. ऐकणारे थोडे होते. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी देण्यात आले.

६. एक शाळामास्तरीण

आता शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक साक्ष सांगतो. एलिझाबेथ श्मित्स ही बर्लिनमधील मुलींच्या शाळेत धर्मशिक्षण, जर्मन आणि इतिहास शिकविणारी बाई. तिला दीक्षा नव्हती, अधिकारपद नव्हते. १९३५ साली तिने यहूदी लोकांवर काय गुदरत आहे याचे सविस्तर निवेदन तयार केले: कोणत्या गावात काय घडले, मुलांना शाळेत काय सोसावे लागते, आणि मंडळी गप्प का आहे. त्याच्या सुमारे दोनशे प्रती स्वतः काढून तिने मंडळीच्या पुढाऱ्यांकडे पोहोचविल्या. तिने नाव घातले नव्हते. पुढाऱ्यांनी ते सभेपुढे घेतले नाही.

९ आणि १० नोव्हेंबर १९३८ रोजी देशभर यहूदी सभास्थाने जाळली गेली. त्यानंतर तिने शाळेला कळविले की, सरकार ज्या तऱ्हेने हे विषय शिकवावयास सांगते त्या तऱ्हेने माझ्याच्याने शिकविणे होणार नाही; आणि पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली. आपल्या घरी तिने यहूदी लोकांना आसरा दिला. १९७७ साली ती वारली तेव्हा दफनाला सात माणसे होती. ते निवेदन दुसऱ्याच एका बाईने लिहिले असे कित्येक वर्षे मानले जात होते. ते हिचे, हे १९९९ साली जाहीर झाले. २०११ साली यरुशलेम येथील याद वाशेम संस्थेने तिचा गौरव केला.

त्याच नोव्हेंबरात, सभास्थाने जळाल्यावर आठवड्याभरात, पश्चात्तापाच्या प्रार्थनेचा दिवस आला. बहुतेक व्यासपीठे गप्प राहिली. ओबरलेनिंगेन या खेड्यातील पाळक यूलियुस फॉन यान यांनी मात्र यिर्मया २२:२९ या वचनावर उपदेश करून घडलेल्या पापाला पाप म्हटले. थोड्याच दिवसांत जमावाने त्यांना बेदम मारले आणि पुढे त्यांना तुरुंगात जावे लागले. मोठ्या शहरांतील मोठ्या चर्चांना जे जमले नाही ते एका खेड्यातल्या पाळकाने केले.

७. उशिराची कबुली

नीमोलर यांना जुलै १९३७ मध्ये अटक झाली आणि १९४५ पर्यंत ते कैदेत होते. सुटल्यावर ते पत्नीसह डाखाऊची छळछावणी पाहावयास गेले. तेथे जाळलेल्या माणसांच्या स्मरणार्थ पाटी होती आणि तिच्यावर १९३३ ते १९४५ असा काळ लिहिला होता. ते पुढे सांगत की, १९३७ नंतर मी कोठे होतो याचे उत्तर माझ्यापाशी आहे. १९३३ ते १९३७ पर्यंत मी मोकळा होतो, त्याचे उत्तर नाही.

ऑक्टोबर १९४५ मध्ये श्टुटगार्ट येथे जर्मन मंडळीच्या पुढाऱ्यांनी आपला दोष कबूल केला. अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक कळकळीने प्रीती केली नाही, असा त्याचा भाव होता. तरी त्यातही यहूदी लोकांचे नाव नव्हते. ते नाव घेऊन दोष कबूल करावयास बर्लिन-वाइसेनझे येथील सिनडची, म्हणजे एप्रिल १९५० ची वाट पाहावी लागली. तोवर युरोपातील सुमारे साठ लाख यहूदी मारले गेले होते.

८. आपल्यासाठी

प्रिय वाचकहो, हा धडा कोणत्या पक्षाला मत द्यावे हे सांगण्यासाठी नाही. सरकारचा मान राखावा, कर भरावा, अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करावी, ही आपल्या मंडळ्यांची जुनी आणि चांगली रीत आहे. ती सोडू नये. परंतु दोन गोष्टी मुलांना शिकविल्या पाहिजेत.

पहिली, जन्माला देवाची आज्ञा मानू नये. 'रक्तच देवाची इच्छा सांगते' ही शिकवण आपण जर्मनीची म्हणून हसून सोडून देऊ शकत नाही. सोयरीक जमविताना "यांचे मूळ काय?" असे आपल्या मंडळ्यांतही हळूच विचारले जाते. गलतीकरांस पत्र ३:२८ आपण पाठ करवितो. त्याची परीक्षा पाठांतराच्या स्पर्धेत होत नसते, लग्नाच्या बैठकीत होते.

दुसरी, आपण केव्हा बोलतो ते तपासावे. मंडळीच्या जमिनीवर कोणी हात टाकला, आपल्या शाळेला त्रास झाला, की आपण निवेदन काढतो, सह्या गोळा करितो. ते योग्यच आहे. परंतु बार्मेनची मंडळीही तेवढे करीत होती. शेजारच्या गल्लीतील ज्याचे नाव आपल्या सभासद-यादीत नाही त्याच्यावर अन्याय झाला, तर आपल्या वडील मंडळाच्या बैठकीत त्याचा उल्लेख तरी होतो काय? चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी मनुष्य कोणत्या सभास्थानाचा, हे प्रभूने सांगितलेलेच नाही. याजक आणि लेवी हे धर्म मोडणारे नव्हते. ते केवळ पलीकडून गेले.

पुढच्या रविवारी मी वर्गात त्या मुलाला म्हणालो, "बाळ, तुझ्या प्रश्नाला मी अर्धेच उत्तर दिले होते. त्यांनी तो अध्याय वाचला होता. पण तेवढाच वाचला, आणि तोही सातव्या वचनापर्यंत." तो म्हणाला, "मग सर, आज आठव्यापासून वाचू या." आम्ही तेथूनच वाचले.

वर्गासाठी प्रश्न

१. रोमकरांस पत्र १३:४ मध्ये अधिकाऱ्याला कोणाचा सेवक म्हटले आहे? त्याचे काम कोणते?
२. प्रेषितांची कृत्ये ५:२७-३२ यांत पेत्राने अधिकाऱ्यांचा अपमान न करिता त्यांची आज्ञा कशी नाकारली?
३. बार्मेनच्या पहिल्या कलमाप्रमाणे, आज आपल्या जीवनात ख्रिस्ताच्या शेजारी कोणते दुसरे आसन मांडलेले आहे?
४. एलिझाबेथ श्मित्स हिच्यापाशी कोणताही अधिकार नव्हता. मग तिच्यापाशी काय होते?
५. नीतिसूत्रे ३१:८ पाठ करा. तुमच्या गावात हे वचन आज कोणाविषयी आहे, ते नाव घेऊन सांगा आणि त्या मनुष्यासाठी प्रार्थना करा.